दीर्घिकेचं वजन

परिषदेला पाठवायचा सरांचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, आमच्या निकालाचा गोषवारा, टाइप होऊन आला होता. मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तराजूसमोर कागदाचे कपटे घेऊन शेवटची खात्री करत होते. माझ्या फेलोशिपची मुदत संपत आली होती. हा निकाल टिकला तरच ती वाढणार होती.

बेळगावच्या कॉलेजात मी सरांच्या हाताखाली एका दूरच्या दीर्घिकेवर काम करत होते. तिचं केंद्र धूळ आणि वायूच्या दाट ढगाआड दडलेलं. सौम्य क्ष-किरण त्या ढगात अडकतात, तीव्र किरण आरपार येतात. फक्त सौम्य किरण बदलले, तर ढग सरकला. दोन्ही सारखेच वाढले, तर केंद्रच प्रखर झालं. उपग्रहाचे आकडे आमच्यापर्यंत पोचत नसत, नुसते आलेख येत. कॉम्प्युटर नव्हता. म्हणून आलेख ग्राफपेपरवर उतरवायचा, रेषेखालचा भाग कात्रीनं कापायचा आणि तोलायचा. वजन जास्त, म्हणजे किरण जास्त.

दुसऱ्या वर्षीचे सौम्य आणि तीव्र किरणांचे दोन्ही कपटे पहिल्या वर्षीपेक्षा जड भरले, तेही सारख्याच प्रमाणात. सर खूश होते. मी चार वेळा कापले, चारही वेळा तेच.

तराजू सांभाळणारे आप्पा कपटे गोळा करताना म्हणाले, "आक्का, ह्यो कागूद जाड हाय की. मागल्या वर्साचा पातळ हुता."

मागचे ग्राफपेपर बेळगावातले. यंदाचे मी निपाणीला घरी गेले तेव्हा आणलेले. दोन्हीतून सारखे चौकोन कापून तोलले. निपाणीचा जड निघाला. दीर्घिका जेवढी प्रखर झाली होती, नेमका तेवढाच.

"आभाळाचं वजन करताय, मग कागूद तरी एका दुकानातला घ्याचा न्हवं," आप्पा म्हणाले. हसले नाहीत.

मी दोन दिवस गप्प राहिले. मी एरवीही गप्पच असते, कुणाला वेगळं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही चौकोन सरांच्या टेबलावर ठेवले आणि कसंबसं सांगितलं. ते बराच वेळ कागद चिमटीत धरून चाचपत राहिले.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"आप्पांना."

"आणि तुम्हाला," ते म्हणाले, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ड्रॉवरमध्ये टाकला.

फेलोशिप वाढली नाही. दीर्घिका होती तशीच होती, आणि काहीच बदललं नाही असं सांगणाऱ्याला मुदतवाढ मिळत नाही. आता मी चिकोडीला पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. ज्यानं मोजायचं ते आधी तपासा, असं दरवर्षी सांगते. मुलं ते वहीत लिहून घेतात आणि सरळ रीडिंग घ्यायला लागतात.