जासिब फिटरचा शब्द

बसऱ्याच्या गॅरेजांच्या गल्लीत फिटर पुष्कळ होते, पण गाडीचं दुखणं ओळखणारा जासिब एकटाच, असं लोक म्हणायचे. बाकीचे पार्ट बदलत सुटायचे, लागला तर लागला. जासिब आधी गाडीवाल्याला बसवायचा, चहा पाजायचा आणि पोलिसासारखी उलटतपासणी घ्यायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे अशा माणसाला अबू गायिब म्हणतात, म्हणजे जो आलाच नाही त्या मुलाचा बाप. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, आणि ऐकणाऱ्याला काय वाटतं ते कोणी विचारत नाही. आपल्यामागे नाव लावणारं कोणी नाही, तेव्हा आपलं नाव आपणच जपायचं, एवढं जासिबने मनाशी धरलं होतं.

त्या नावाच्या मुळावर फालिहची गाडी आली. फालिह बंदरावर क्रेन चालवायचा, पण जीव सगळा त्या पांढऱ्या अमेरिकन गाडीत. कंपनीचा सायलेन्सर काढून त्याने सायलेन्सर घडवणाऱ्या मिजहरकडून नवा करून घेतला होता. गाडी गल्लीत शिरली की झोपलेली पोरं दचकून उठायची, आणि फालिहला धन्य वाटायचं. मग स्टिअरिंगसमोरचा, इंजिनात बिघाड दाखवणारा पिवळा दिवा लागायला लागला. सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर असतो, तो धूर हुंगून इंजिनाला पेट्रोलचं माप सांगतो. तोच मेला होता. जासिबने नवा बसवला. काही आठवड्यांत तोही गेला. तिसराही गेला तेव्हा फालिह दारातूनच सुरू झाला.

"उस्ताद, तुम्ही सेन्सर बदलता की मला बनवता?"

"खोकं तुझ्यासमोर फोडलं होतं."

"खोकं नवं असेल हो."

जासिबला ते झोंबलं. तो तडक गाडीखाली गेला, सेन्सर काढला आणि उन्हात धरून पाहिला. पेट्रोल जास्त गेलं तर टोक काजळीने काळं पडतं. हे पांढरं होतं, भट्टीवाल्याच्या बोटाला पीठ लागावं तसं.

"दिवा लागायच्या आधी गाडी कुठे नेली होतीस?"

"कुठेच नाही."

"आठव."

"मिजहरकडे गेलो होतो. इंजिनाजवळच्या जोडातून शिट्टी वाजत होती. त्याने काहीतरी भरलं, थांबली."

"आणि त्याच्या आधीच्या वेळी?"

"तेव्हाही शिट्टीच."

जासिबने त्याला गाडी ठेवून जायला सांगितलं आणि जोड उघडला. मिजहरने घडवलेली दोन तोंडं एकमेकांवर नीट बसतच नव्हती. मधल्या फटीत सिलिकॉनची लुकण भरलेली होती, न्हाणीघरातलं बेसिन भिंतीला चिकटवतात तीच. आत ओघळलेली लुकण तापून जळायची आणि तिची वाफ सेन्सरवर जाऊन बसायची. शिट्टी वाजली की मिजहर नवी भरायचा, आणि नवा सेन्सर मरायचा. जासिब गाडीखाली उताणा पडल्या पडल्या हसला. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

पण मिजहर त्याच्या बायकोचा, नईमाचा सख्खा भाऊ. फालिहला सांगण्याआधी त्याच्या कानावर घालावं, म्हणून जासिब त्याच्याकडे गेला. हा त्याचा शहाणपणा त्याला नडला.

संध्याकाळी मिजहर घरी आला तो टोळीतल्या वडीलधाऱ्या हाजी लफ्तांना घेऊनच. जासिबने स्वतः कॉफी ओतली. दोघांनीही पेले तोंडाला न लावता समोर सतरंजीवर ठेवले. पेला खाली ठेवला म्हणजे पाहुण्याचं मागणं आहे. ते मान्य केल्याशिवाय तो पिणार नाही, आणि कॉफी तशीच सोडून पाहुणा उठला तर यजमानाने गावात तोंड दाखवायचं नाही.

"घ्या ना हाजी," जासिब म्हणाला.

"घेऊ. आधी आमचं काम आहे तुझ्याकडे."

काम काय ते जासिबला कळत होतं. आत दारामागे नईमा उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"अर्धं शहर माझे सायलेन्सर लावून फिरतंय, अबू गायिब," मिजहर म्हणाला. "हे फुटलं तर लोक माझं दुकान पेटवतील. मी ती लुकण फेकून देतो, तू फक्त तोंड मिटून घे. फालिहलाच नाही, कोणालाच नको."

जासिबने हाजींच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "प्या," तो म्हणाला. "तुमचं काम झालं."

त्याने फालिहचा जोड घासून सरळ केला, मध्ये धातूचं पॅकिंग घातलं, चौथा सेन्सर पदरचा बसवला आणि सांगितलं, "आधीचे बोगस निघाले. चूक माझी." त्यानंतर तो दिवा कधी लागला नाही. म्हणजे फालिहला पुरावाच मिळाला. "उस्तादने तोंडाने कबूल केलं," तो चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगू लागला. काम चोख केलं, म्हणून जासिब चोर ठरला.

मिजहरने लुकण फेकली नाही. दिवे लागत राहिले. लोक त्याच्याकडे तक्रार घेऊन गेले की तो विचारायचा, "सेन्सर कोणी बसवला? जासिबने? मग झालं तर." पुढे तो स्वतःच सेन्सर विकायला लागला, आणि जासिबकडे पंक्चर आणि ऑइल उरलं.

"आता तरी बोला," नईमा एकदा म्हणाली.

"शब्द दिलाय."

"त्याने पाळला का?"

"त्याचं त्याच्यापाशी."

नईमा रडली. भावासाठी दारामागे उभी राहिले ते चुकलं, असं ती स्पष्ट म्हणाली. पण त्याने गिऱ्हाईक परत येत नाही.

हाजी लफ्ता वारले तेव्हा रस्त्यात फातिहाचा, म्हणजे दुखवट्याचा मांडव पडला. सगळी टोळी जमली होती. हाजींच्या जागी आता मिजहर बसला होता, कारण मांडवाचा खर्च त्याने उचलला होता. कॉफी फिरत फिरत जासिबपाशी आली. त्याने पेला घेतला आणि मिजहरसमोर खाली ठेवला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

मिजहरचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो सावरला.

"बोल अबू गायिब, काय काम आहे?"

माझा शब्द मला परत दे, एवढंच जासिबला म्हणायचं होतं. पण कसला शब्द, असं चार लोक विचारणार, आणि ते सांगितलं तर शब्द तिथेच मोडला. त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"लाजतोय तो," मिजहर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हातात काम नाही बिचाऱ्याच्या. अरे, घरचाच आहेस. उद्यापासून माझ्या दुकानात बस, सेन्सर बसव. पी, झालं तुझं काम."

म्हातारे माना डोलवू लागले. मेहुणा असावा तर असा, कोणीतरी म्हणालं.

"माझं काम ते नाही," जासिब म्हणाला.

"मग कोणतं?"

जासिब उठला. पेला भरलेला तसाच ठेवून तो चपला शोधायला लागला, आणि रागाने की कशाने, त्याला त्या सापडेनात. डोकं फिरलंय, कोणीतरी हळूच म्हणालं. तो अनवाणीच मांडवाबाहेर पडला आणि जाता जाता त्याने वळून पाहिलं. मिजहरने तो पेला उचलला होता. "फुकट कशाला घालवायची," असं म्हणून त्याने ती कॉफी स्वतःच पिऊन टाकली, आणि फातिहाचा मांडव असूनही लोक हसले.