खेंगारभांचा कसुंबा

दिवसभर माणसं माझ्या वस्तऱ्याखाली मान देऊन बसतात. कोणाला ओरखडा उठला तर तो शिव्या घालतो, मी तुरटी लावतो, मिटलं. पण केसाने गळा कापणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आणि ज्यांचा कापला ते महिनोन् महिने म्हणत राहिले की मला काही झालंच नाही.

खेंगारभा आमच्या खाखरिया गावचे गरासदार, म्हणजे वतनी जमीनदार. गरासदार आपलं म्हणायचं. जमीन थोडी, मिशी मोठी. रोज सकाळी त्यांच्या देवडीत बैठक बसायची, आणि अफू घोटून कसुंबा काढायचं काम माझं. आमच्या भाल मुलखात ते न्हाव्याकडेच असतं. खलात घोटायचं, पाणी घालायचं, फडक्यातून गाळायचं. मग यजमान तो कसुंबा उजव्या तळव्यात घेतो आणि पाहुण्याच्या ओठांना लावतो. ज्याच्या तळव्यातून प्यालात त्याचं वाईट करायचं नाही, आणि ज्याला पाजलंत त्याला उघडा पाडायचा नाही. यावर खुनाची वैरंसुद्धा मिटलेली आहेत.

वखतसंगचं वैर मिटलं ते असंच. हा शेजारच्या गावचा. बांधावरच्या मारामारीत याच्या घरच्या काठीने खेंगारभांचा धाकटा भाऊ गेला होता. बरीच वर्षं दोन्ही गावं एकमेकांच्या विहिरीचं पाणी प्याली नाहीत. शेवटी बुजुर्गांनी दोघांना समोरासमोर बसवलं. खेंगारभांनी तळवा पुढे केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वखतसंग घटाघटा प्याला. तो कसुंबा मीच घोटला होता. आज वाटतं, त्यात मूठभर मीठ टाकायला हवं होतं.

पुढे साहेबाचा कायदा आला. अफू पिकवायची नाही, बाहेरून आणायची नाही. तालुक्याच्या परवान्याच्या दुकानातून घ्यायची, आणि तीही घरात ठरल्यापेक्षा जास्त ठेवायची नाही. आमच्या तब्येतीची काळजी होती म्हणता? तीच अफू पेट्या भरभरून चीनला पाठवताना साहेबाला कोणाची तब्येत आठवली नाही. त्याला गल्ला हवा होता, आणि गल्ल्यासाठी दुकानं परवान्याने लिलावात निघत.

अशात खेंगारभांच्या लेकीचं, हरखबाचं लग्न ठरलं. वऱ्हाड मोठं. दुकानातून एका घराला मिळे तेवढ्यात वऱ्हाडाची पहिली ओळही भागली नसती.

मी खेंगारभांना म्हटलं, "बापू, मामलेदाराकडून लग्नाची खास चिठ्ठी निघते म्हणे."

"माझ्या पोरीच्या लग्नात माझ्या पाहुण्यांना काय पाजू, हे गोऱ्याला विचारू? तू हजामत कर."

वखतसंग तिथेच बसला होता. म्हणाला, "खेंगारभा, तुम्ही मांडवाचं बघा. सीमेपलीकडे संस्थानाच्या दरबारी मुलखात माझी ओळख आहे. माळव्याची उत्तम अफू आणतो. ते माझ्याकडे लागलं."

"पकडलास तर?"

"पकडलो तर माझं कपाळ. हरखबा मला परकी आहे का?"

बापूंनी त्याला मिठी मारली. लग्नाच्या दोन दिवस आधी तो आला, बैलगाडीतल्या कडब्यातून पुडकं काढलं आणि धान्याच्या कोठारातल्या तिसऱ्या कोठीत, बाजरीच्या तळाशी, स्वतःच्या हाताने पुरलं. बापूंच्या पत्नी मोंघीबा म्हणाल्या, "मी ठेवते की, वखतसंगभाई." तर म्हणतो कसा, "बाईमाणसाच्या हाताला वास लागतो." बघा, किती जपणूक.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड देवडीत टेकलं. मी खल पुसून ठेवला होता, अफू काढायला आत जाणार, तोच फौजदार शिपायांसह दारात. सगळे उठून उभे राहिले. वखतसंग मात्र बसूनच राहिला, बत्तासा चघळत. फौजदाराने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. ना माळा तपासला, ना अंथरुणं. सरळ कोठारात गेला, पहिली कोठी सोडली, दुसरी सोडली आणि तिसरीत कोपरापर्यंत हात घातला.

हातच्या काकणाला आरसा कशाला?

फौजदार बापूंना म्हणाला, "हे आणलं कोणी ते सांगा. सांगाल तर लग्नघर बघून तुम्हाला सोडून देतो." बापू कोणाचं नाव घेणारच नाहीत, याची त्याला खात्री असावी, इतका तो गोड बोलत होता.

माझ्या जिभेवर नाव आलं होतं. बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी गिळलं. म्हणाले, "मी आणलं."

"एकट्याने?"

"माझी मुलगी, माझं लग्नघर. दुसरा कोण आणणार?"

व्याही भला माणूस. फेरे घाईघाईत उरकले आणि वऱ्हाड न जेवता निघालं, लापशी चुलीवर तशीच. हरखबाची गाडी वेशीतून गेली तेव्हा बापू दोन शिपायांच्या मधे उभे होते आणि हात बांधलेले, म्हणून लेकीच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही. वखतसंग मोंघीबांना म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका, मी आहे." मला तिथल्या तिथे त्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं. आमची जात आडवी आली.

तालुक्याला नेण्याआधी बापूंनी मला जवळ बोलावलं. "पुंजा, तू तोंड उघडलंस तर माझ्या देवडीत पाय ठेवायचा नाही."

"बापू, तिसऱ्या कोठीत सरळ हात घातला त्याने."

"फौजदाराचं नशीब."

"नशिबाला कोठ्या मोजता येतात का?"

"त्याने माझ्या भावाचं रक्त माझ्या तळव्यातून पिऊन मिटवलंय. तो असं करणार नाही. करूच शकत नाही." बोलताना ते हसले, मूल चुकीचं बोललं की आपण हसतो तसं.

वर्षभराची सजा झाली. तुरुंगाचा डॉक्टर अफूची गोळी रोज थोडी लहान करत गेला, आणि बापूही तसेच लहान होत गेले. परत आले तेव्हा अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. वखतसंग एकदाही भेटीला गेला नव्हता. तोवर तालुक्याच्या दुकानाचा परवाना त्याच्या नावावर झाला होता. गावात शेंबड्या पोरालाही कळलं होतं की हे बक्षीस कशाचं. बापू म्हणाले, "लिलाव होता. कोणीही घेऊ शकतो. बरं झालं, आपला माणूस बसला."

मला भडभडून आलं. रागही आला. इतकं आंधळं माणसाने असू नये.

पण चाळीस वर्षांचं व्यसन डॉक्टरच्या गोळीने जातं थोडंच. बापूंना गाडीत घालून मीच तालुक्याला नेलं. वाटेत बोलत होते, "बघ, मला बघून उठून उभा राहील. जेवल्याशिवाय सोडणार नाही. तू उगाच तोंड वाकडं करू नकोस."

दुकानात गादीवर वखतसंग, पुढे तराजू. शेजारी खुर्चीवर अबकारीचा इन्स्पेक्टर तपासणीला बसलेला. गिऱ्हाइकाचं नावगाव विचारून टिपून घ्यायचा नियम होता. पण ओळखीच्याला कोण विचारतं? बापू काठी टेकत पुढे झाले, हात जोडून हसले.

वखतसंगने एकदा इन्स्पेक्टरकडे पाहिलं. मग टाक उचलला.

"नाव?"

बापूंना वाटलं थट्टा आहे. ते आणखी हसले.

"नाव सांगा. मागे माणसं उभी आहेत."

"खेंगारभा."

"बापाचं?"

"अगरसंग."

"गाव?"

बापूंनी गाव सांगितलं. आवाज इतका बारीक, की मागच्या कोणीतरी "मोठ्याने बोला" म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. वखतसंगने मान वर न करता टिपलं, अफू तोलली, पुडी सरकवली. दोघांची बोटंही एकमेकांना लागली नाहीत.

परतीच्या वाटेवर बापू गाडीत पुडी हातात धरून बसले होते, खाल्ली नव्हती. वेस आली, तेव्हा बोलले.

"पुंजा, वर्षभर मी कोणासाठी गप्प राहिलो?"

मी बैल हाकत राहिलो.