फोटोला चिकटलेला आवाज

दादा गेला तेव्हा त्याचा एक धड फोटो घरात सापडला नाही. रिसोडात ज्याचा स्टुडिओ, तालुकाभरच्या लग्नांत जो कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडला, त्याचाच फोटो नाही! कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत कसा येणार, असं जो तो मान हलवत म्हणायचा. मला त्या मान हलवण्याचाही संताप यायचा. शेवटी आधार कार्डावरचा फोटो वाशीमच्या एका स्टुडिओत दिला. त्यांनी तो मोठा केला, रंग उजळवला आणि वरून निळा कोट अन् टाय चढवून दिला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला फोटोत कोट घालायची रीतच आहे. जन्मभर बनियनवर वावरलेला माणूससुद्धा भिंतीवर जातो तो कोटात. दादानेही किती जणांना असे कोट चढवले असतील. पण दादाच्या नावाने पुण्यानुमोदनाला सगळे जमले त्या दिवशी पांढऱ्या फुलांमागची ती फ्रेम पाहून माय सगळ्यांदेखत म्हणाली, "हा कोन साहेब आणून बसवला? हा माहा पोरगा नाही."

पाहुणे गेले आणि तिने फ्रेम उलटी करून ठेवली. रोज संध्याकाळी त्या पाठमोऱ्या फ्रेमपुढेच मेणबत्ती लावायची.

"माय, लोकं काय म्हणतीन?"

"म्हनू दे. फोटो राहू दे तुहा. मले त्याचा आवाज आयकव एकडाव."

आता आवाज कुठून आणू? दादाच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे मेसेज होते, तो स्वतः कधी बोलून मेसेज पाठवत नसे. लग्नाच्या व्हिडिओंत नुसता बँड. मी तसं सांगितलं तर माय माझ्यावरच उखडली. "असा कसा नाही? तुह्या बाबाचा फोटो कराच्या वक्ती मले मशीनीपुढं बसवलं नव्हतं का त्यानं?"

तेव्हा कुठे मला दादाची कामाची पद्धत आठवली. गेलेल्या माणसाचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा एखादा फाटका, पिवळा पडलेला पासपोर्ट फोटो. त्यावरून चेहरा उभा करायचा तर घरच्यांनाच विचारावं लागतं. दादा त्यांना खुर्चीत बसवायचा, माईक चालू करायचा आणि बोलू द्यायचा. नंतर ते ऐकत ऐकत फोटो करायचा. "लिहून घेतलं का माणूस आवरतं घेते," तो म्हणायचा, "बोलू देलं का खरं सांगते." तो आवाज वेगळ्या फाईलीत नसे. त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो त्या फोटोलाच चिकटवून ठेवता यायचा.

मी वाशीमहून एसटीने रिसोड गाठलं, स्टुडिओ उघडला आणि कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरचा पासवर्ड दादा बरोबरच घेऊन गेला होता. डिस्क टकटक वाजत होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "बंद नका करू, पुन्हा चालू होईन याची ग्यारंटी नाही." एक दार तेवढं उघडं होतं. शेजारच्या प्रिंटिंग मशीनला फोटो उचलता यावेत म्हणून दादाने एक फोल्डर नेटवर्कवर मोकळं ठेवलं होतं. मी लॅपटॉप जोडला, सगळे फोटो उतरवून घेतले. फोटो आले, आवाज एकही आला नाही.

आणि हे का झालं ते सांगायला मला कोणी नको होतं, कारण माझं पोटच त्यावर चालतं. दुसऱ्या मशीनवरच्या फाईली नेटवर्कवरून मागून आणणारा जो प्रोग्राम असतो, त्याला आम्ही क्लायंट म्हणतो. तसला एक क्लायंट आमची कंपनी बनवते आणि मी वाशीमच्या घरात बसून त्याचा कोड लिहितो. विंडोजच्या डिस्कवर एका फाईलीच्या नावाखाली दुसरा मजकूरही ठेवता येतो. त्याला स्ट्रीम म्हणतात. फोल्डर उघडलं तर तो दिसत नाही, फाईलीच्या आकारातही धरला जात नाही. बायका कनवटीला काही खोचून ठेवतात ना, तसा. घेणाऱ्याने विचारलंच नाही तर तो मिळत नाही, आणि आमचा क्लायंट विचारतच नव्हता. तशी सोय करा अशी मागणी आमच्या कामांच्या यादीत तळाशी किती वर्षं पडून होती. मी स्वतः ती वाचून पुढे जायचो.

आता मीच ते काम मागून घेतलं. पुण्याचे वरिष्ठ फोनवर हसले. "अरे, हे कोण वापरतं? कशाला जीव काढतोस?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"मोठं आहे का?"

"म्हातारं आहे," मी म्हणालो. पुढे त्यांनी विचारलं नाही आणि माझ्याने सांगवलं नसतं.

त्या कामाने नाकी नऊ आणले. स्ट्रीमचं नाव फाईलीच्या नावापुढे कोलन देऊन मागायचं असतं. आमचा शहाणा क्लायंट ते कोलन पाठवण्याआधी बदलून टाकायचा, कारण नावात कोलन असलेली साधी फाईलही कुणाची असू शकते. समोरून उत्तर यायचं, अशी फाईल नाही. इथे दुरुस्त केलं की तिथे बिघडायचं. आणि मध्येच रिसोडची लाइट गेली की माझा जीव खालीवर. यूपीएस किती वेळ तग धरेल, डिस्क थांबली तर काय, काही सुचायचं नाही. माय मात्र रोज जेवताना तेच विचारायची, "झालं का थे?" एकदा मी ताट सरकवून ओरडलो, "काहून पाठी लागली वो? होईन तवा होईन!"  माझं सरकवलेलं ताट तिने झाकून ठेवलं.

मग एका दुपारी स्टुडिओत बसलो असताना पडद्यावर यादी आली. फोटोंची नावं आणि प्रत्येक नावाखाली आणखी एक ओळ, आवाजाची. मी खुर्चीतून उठलोच. पण आनंद करावा असं मन राहिलं नव्हतं. मी मायला फोन केला, आवाज उतरवून घ्यायचा राहिलेला भाग रात्रभर बसून लिहिला आणि दुसऱ्या दिवशी तिला जीपमधून घेऊन आलो.

ती दादाच्या टेबलासमोर बसली, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत. पदर नीट केला. आधी यादीतून बाबांचा फोटो काढला. त्यात ती आणि दादा दोघंही बोललेले होते, तिला तोच हवा होता. आवाज त्याला चिकटलेला दिसत होता. मागवला. डिस्क टकटकली, टकटकली आणि गप्प झाली. पुन्हा मागवला. पडद्यावर आलं, वाचता येत नाही. डिस्कचा नेमका तोच भाग गेला होता.  च्यायला, एवढं करून हेच?

"जाऊ दे," माय म्हणाली. "दुसऱ्या कोनाचा लाव."

मी हाताला लागेल तो लावला. फोटोत एक कोवळा पोरगा होता, त्यालाही कोट. आधी पंख्याची घरघर आली, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, कोणा बाईचं मुसमुसणं आलं. मग खोकला आला. तो खोकला आम्ही दोघांनी ओळखला.

"हं, सांग माय," दादा म्हणाला. "कसा होता तुहा पोरगा? पयल्यापासून सांग. घाई नाही मले."

रेकॉर्डिंगमधल्या बाईला बोलायला वेळ लागला. तेवढ्यात माझी मायच बोलू लागली. लॅपटॉपकडे वाकून, हळू आवाजात.

"सावया होता," ती म्हणाली. "डोये बारीक. हासला का आखीन बारीक होत. डाव्या भुवईवर खोक हाये, लहानपनी पडला होता. केस कदी इचरलेच नाही त्यानं."

मी आवाज थांबवला. काय करावं ते सुचेना, म्हणून माईक चालू केला. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती सांगत राहिली. तो जेवायला कसा बसायचा, कोणावर रागवायचा नाही, ताप आला तरी दुकान उघडायचा. तिचं सगळं सांगून झालं. मग ती आणखी पुढे वाकली.

"अन् कोट नोको घालजो बापा त्याले," ती म्हणाली. "त्याले उकडते."