दिवा धरीन, हात जोडणार न्हाई

माझ्या साडूइतका खरं बोलणारा आणि भांडखोर माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांना झाला नाही, आणि ते बरंच झालं. असे दोन असते तर आमच्या भागात कुणाचं लग्नच जमलं नसतं. दुष्काळ सरल्यावरच्या दुसऱ्या सालची गोष्ट. तो, मी आणि माझी बायको ओसरीवर बियाण्यासाठी शेंगा फोडत बसलो होतो. आम्ही तिघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं. बायको चार दाणे टोपलीत टाकी, एक तोंडात. साडू म्हणाला, "बाई, बियाणं खाऊन राह्यलीस तू." ती म्हणाली, "चव बघून राह्यले दाजी. कडू उगवलं तर?" झालं. कडू दाणा कसा ओळखावा यावर त्यानं आम्हाला सगळ्या शेंगा संपेस्तोवर ऐकवलं. चेष्टा म्हणून काही असते हे त्याला बिलकुल ठाऊक नव्हतं.

तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शहागडात हमरस्त्याला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सगळे मिस्त्री म्हणत. गिऱ्हाइकानं विचारलं, "ट्यूब टिकेल का?" तर सांगायचा, "न्हाई टिकायची. पायी जा." लोक रागानं दुसऱ्या दुकानात जात आणि दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत परत येत. लग्नात जेवणावर बसला की यजमान त्याच्या पंगतीकडं फिरकत नसे. एका भोळ्यानं विचारलंच, "जेवण कसं झालं?" हा म्हणाला, "वरण पातळ होतं. पण नवरदेवापरीस बरं होतं."

आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा घरोघरचे देव टोपल्यात भरून नदीत सोडायला हाच पुढं. पण टोपलं उपडं केलं नाही त्यानं. एकेक देव हातात घेऊन विचारायचा, "हा कुणाच्या घरचा?" मग त्या घरच्यांना पुढं बोलवून हळूच पाण्यात सोडायचा. म्हणे, इतकी वर्षं घरात होते, निरोप नीट द्यावा. आणि वर आल्यावर तास-दीड तास देव कसा नसतो ते सांगितलं.

असा माणूस, आणि त्याचं रोजचं बसणं-उठणं कुणाशी, तर नदीपल्याडच्या वाडीतल्या एका भगताशी. हा भगत लिंबं, मोरपीस आणि अंगाऱ्याची पुडी पिशवीत घालून सायकलीवर हिंडायचा. दर बाजाराला त्याची सायकल साडूच्या दुकानात. साडू चाक खोलायचा आणि भांडण सुरू करायचा. भांडण मिटल्याशिवाय नट आवळायचा नाही. भगत म्हणायचा, "मिस्त्री, चाक तरी दे." हा म्हणायचा, "तुझा देव खोटा, पण चाक माझं हाय. ते ढिलं देणार न्हाई. बस." एकदा भांडण आठ दिवस मिटलं नाही. भगत पायी घरी गेला आणि सायकल दुकानात तुकडे होऊन पडली.

त्याच आठवड्यात माझी बायको अंथरुणाला खिळली. सरकारी दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. मी अडाणी असलो तरी त्याचा अर्थ मला कळला. तिला कळू द्यायचा नव्हता. आणि तिनं मागितलं काय, तर भगताचा अंगारा. मी पण दीक्षेत देव-अंगारा न मानायची शपथ घेतलेला माणूस, पण मला शपथेपेक्षा साडूची भीती. तिनं तर थेट त्यालाच सांगितलं. मेव्हणीनं तोंडाला पदर लावला. साडू म्हणाला, "खोटा असतो तो."

"म्हाईत हाय."

"मंग?"

"मंग काय. माझी माय लावायची."

तो उठला, हाताचं ग्रीस धुतलं आणि सायकल काढली. भगताची सायकल खोललेली, म्हणून त्याला मागं कॅरियरवर बसवून आणला, भर उन्हात, पाच कोस. दोघं दिसायच्या आधी ऐकू आले. पुलावरून भांडण येऊन राह्यलं होतं. दारात उतरला तेव्हा भगताचा घसा बसलेला. साडू म्हणाला, "आधी पाणी पी. मंग कर तुझी थाप."

भगत म्हणाला, सगळ्यांनी हात जोडा, आणि एकानं दिवा धरा. आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. साडू म्हणाला, "दिवा धरीन, हात जोडणार न्हाई." आणि धरला. वारं होतं, तर दुसऱ्या हाताचा आडोसा करून धरला. तोंड मात्र भिंतीकडं.

अंगारा लावून झाला. बायकोनं भगताला काही विचारलं नाही. साडूलाच विचारलं, "दाजी, आता गुण येईल का?" मी त्याच्यामागून भगताला खुणावत होतो, भगत त्याला कोपरानं ढोसत होता, मेव्हणी तर रडकुंडीला आली. एक हो म्हणायला काय जातंय. साडूनं दिवा खाली ठेवला. म्हणाला, "अंगाऱ्यानं न्हाई येणार बाई. पण हा म्हातारा उन्हातानाचा तुझ्यासाठी आला, ते खरं हाय."

ती हसली. खोकला येईस्तोवर हसली. म्हणाली, "बरं झालं. दाजी खोटं बोलले असते तर मी भेले असते."

चौथ्या दिवशी ती गेली.

दुसऱ्या सकाळी चहाच्या हॉटेलापाशी लोक साडूला म्हणाले, "मिस्त्री, जिंकलात तुम्ही. आता जाऊन सांगा भगताला, अंगारा फुसका निघाला म्हणून." त्यानं सायकल काढली. माझ्या दारात आला, म्हणाला, "बस मागं." मला घरात बसवत नव्हतंच. आम्ही पूल ओलांडून वाडीत गेलो. भगतानं आम्हाला लांबून बघितलं आणि ओट्यावर मान खाली घालून बसला. म्हणाला, "बोल मिस्त्री. आज तुझंच बराबर हाय."

साडू म्हणाला, "आज न्हाई."

आणि त्याच्या शेजारी बसला. माझ्या घरी कालपासून चूल पेटली नव्हती, हे भगताच्या बायकोनं न विचारता ओळखलं असावं. तिनं भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. साडूनं भाकरीचे तीन तुकडे केले, पहिला भगताच्या हातात दिला, दुसरा माझ्या, आणि तिसरा घेऊन आमच्याआधी खायला लागला.