हुमणीचा डबा

आपलं शेणखत म्हणजे मखमलाबादचं सोनं, असं निवृत्ती स्वतःच सांगत फिरायचा. गावात घरच्या भाजीला पाणी सोडून तो सायकलवर शहरातल्या गंगापूर रोडच्या बंगल्यांत बागकामाला यायचा. कात्रीआधी त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. माणूस मात्र लाख मोलाचा.

त्याचा जीव चंद्रभागाबाईंच्या लॉनवर. सत्त्याण्णव साली बाईंच्या यजमानांना, मल्हारीअण्णांना, अर्धांगवायू झाला. रोज अनवाणी गवतावर चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. निवृत्तीच्या खांद्यावर हात टाकून अण्णा वर्षभरात बरे चालू लागले. उजवा हात मात्र तसाच राहिला. व्यायामाचा रबरी चेंडू बोटांतून सुटून घरंगळायचा, आणि बाई तो मुकाट्याने उचलून आणायच्या.

पुढच्या भाद्रपदात लॉन पिवळं पडलं. निवृत्तीने पाणी वाढवलं, तरी डाग पसरतच गेले. साळुंक्या तिथेच चोची मारायला लागल्या, तेव्हा तो गुडघ्यावर बसला. त्याने गवत मुठीत धरून ओढलं, तर ते सतरंजीसारखं उचललं गेलं. मुळं कुरतडलेली, आणि मातीत पांढऱ्या, वेटोळ्या अळ्या. हुमणी!

दुकानदाराने जालीम औषध दाखवलं. पण विषावर अण्णांना अनवाणी कसं चालवायचं? आणि चालणं थांबलं तर पाय पुन्हा आखडणार.

"बाई, चूक माझी हाय," निवृत्ती मान खाली घालून म्हणाला. "लॉन लवकर हिरवंगार दिसावं म्हनून उन्हाळ्यात कच्चंच शेणखत टाकलं. हुमणी त्याच्यामुळंच लागली."

काम सुटलंच, असं तो धरून चालला होता.

"मग उभे काय राहिलात? बसा आणि वेचा," बाई म्हणाल्या.

त्यांनी साबणाच्या पाण्याचा डबा आणला, स्वतः चिमटा घेतला, आणि अण्णांना शेजारी बुटक्या स्टुलावर बसवलं. निवृत्ती गवत उचलायचा, बाई अळ्या टिपायच्या, अण्णा नुसते बघायचे.

तिसऱ्या दिवशी एक अळी अण्णांच्या पायापाशी घरंगळली. निवृत्ती वाकणार, तेवढ्यात अण्णांचा उजवा हात थरथरत खाली आला. बोटं हळूहळू मिटली. अळी डब्यात पडली.

बाईंचा चिमटा हातातच राहिला. त्यांचे डोळे भरून आले होते. निवृत्तीने पुढचं गवत उचललं, खालची अळी पाहिली आणि आपला हात मागे घेतला.

"अण्णा," तो म्हणाला, "ही तुमची."