एकाच चरातल्या दोन केबली

भोसरीच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो, तेव्हा तिथल्या तेलाच्या तळघराचं सगळ्यांना फार कौतुक होतं. वरच्या शेडमधल्या प्रेसना लागणारं तेल खाली मोठमोठ्या टाक्यांत असायचं. आग लागलीच तर वीज तुटून लोखंडी दार आपोआप खाली पडे. एरवी ते विजेच्या चुंबकानं वर धरलेलं असे. दार उगीच पडू नये म्हणून चुंबकाला दोन ठिकाणांहून वीज होती, एक मेन लाइनीची आणि दुसरी बॅटरीखोलीतली. वर निरोप द्यायला टेलिफोन, तो बिघडला तर घंटेचं बटण. "इथे माणूस अडकूच शकत नाही," साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दुपारी मी आणि एक वयस्कर फिटर खाली पंपावर काम करत होतो. सगळे त्यांना दादा म्हणत. ते भोसरी गावातलेच. कारखान्याच्या जागेतला एक तुकडा पूर्वी त्यांच्याच घरचा होता. अचानक दिवे गेले, पंखा थांबला आणि पाठीमागे धाडकन दार पडलं.

मला आधी हसूच आलं. चाचपडत फोन उचलला. कानाशी काहीच नाही. घंटेचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. वर कुठेच वाजल्याचं ऐकू येईना.

"दादा, हे आतून उघडतं कसं?"

"न्हाई उघडत. साखळी भायेर हाय."

तेवढ्यात टाक्यांमागून सूं असा आवाज सुरू झाला. आग विझवायच्या गॅसची नळकांडी टाक्यांमागच्याच भिंतीपलीकडे होती. गॅस सुटला तर आमचा श्वास कोंडणार होता. मी दादांचा दंड घट्ट धरला. बराच वेळ आम्ही तसेच उभे राहिलो. मग आवाज आपोआप मंदावला. पाइपातलं तेल टाकीत उतरत होतं, एवढंच.

पण दादा तिथेच खाली बसले. "इथंच कुठंतरी आमची हिर व्हती," ते म्हणाले. "ल्हानपनी पडलो व्हतो तिच्यात. चुलत्यानं काढलं." मग एकदम ओरडले, "मला भायेर काढ रं भावा!"

हवा गरम आणि जड झाली होती, शर्ट अंगाला चिकटला होता. हातात मोठा पाना होता. शेडकडे जाणाऱ्या पाइपावर मी तो आपटू लागलो. कोणी येईना. हात दुखले की थांबायचो, दादांचा धापा टाकल्याचा आवाज ऐकायचो, पुन्हा आपटायचो.

वर काय झालं ते नंतर कळलं. नवं मशीन घेऊन आलेल्या ट्रकचं चाक केबलच्या चरावरची फरशी फोडून आत गेलं होतं. दोन्ही केबली, फोनची तार, घंटेची तार, सगळं त्या एकाच चरातून नेलेलं. सगळं एकदमच चिरडलं. अख्खी शेड बंद पडली आणि माणसं ट्रक बघायला धावली. ती परतल्यावर प्रेस बंद असल्यामुळेच पाइपावरचे ठोके कोणाला तरी ऐकू आले. एरवी त्या गदारोळात ते कुणाच्या कानावरही गेले नसते.

दार साखळीनं इंच इंच वर गेलं. दादांना दोघांनी धरून आणलं. बाहेर येताना धरलेला माझा हात त्यांनी उन्हात बसल्यावरही सोडला नव्हता.

पुढे साहेबांनी बॅटरीची केबल आणि घंटेची तार वेगळ्या भिंतीवरून, उंचावरून नेली. साखळी आतही बसवली आणि स्वतः आत जाऊन, दार पाडून, साखळी ओढत बाहेर आले. आम्ही बघत उभे होतो. दादा मात्र पुन्हा कधी खाली उतरले नाहीत. दाराशी उभे राहून हत्यारं द्यायचे. त्यांना कोणी टोकलं नाही.

मला उतरावं लागायचं. नोकरी कायम व्हायची होती, काळेवाडीच्या खोलीत बायको आणि तान्ही मुलगी होती. खाली गेलो की मी दाराकडे तोंड करूनच बसायचो. अशा बसण्यानं कामाला उशीर व्हायचा, मान अवघडायची. तरी ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.