खाजणातून गेलेली लाइन

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. वडिलांचा पायाने चालवायचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर पोट चालायचं आणि उरलेल्या कागदावर ते पत्रकं छापायचे: गोव्याच्या मुक्तीची, संयुक्त महाराष्ट्राची, गोदीतल्या संपाची. जगात जे बिघडतं ते कोणीतरी बिघडवतो म्हणून बिघडतं, आणि ते छापून सांगितलं की लोक उठतात, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. तिचा पहिला भाग मी आजही मानते.

साठ-एकसष्टच्या सुमारास आमच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या नगरपालिकेला नळांचा नकाशा हवा झाला. नळ येऊन काही वर्षं झाली होती, पण जमिनीखाली कुठली लाइन कुठून जाते हे दाखवणारा एकही धड कागद नव्हता. नवी टाकी बांधायला वरून मंजुरी हवी होती आणि मंजुरीला नकाशा. मी मॅट्रिक झालेली, चित्रकलेच्या परीक्षा दिलेली, म्हणून मला तात्पुरती ट्रेसर, म्हणजे नकाशा उतरवणारी, म्हणून घेतलं. टेप आणि सळई घेऊन, पदर खोचून रस्ते मोजणारी मुलगी बाजाराने पाहिली नव्हती. एक दुकानदार रोज विचारायचा, "काय गो, आज रस्तो किती वाढलो?"

बरोबर पाणी सोडणारा माणूस असायचा. तो लाइनवरच्या चाव्या, म्हणजे व्हॉल्व्ह, दाखवायचा, मी दोन चाव्यांमधल्या जमिनीत सळई घालत जायची. बिडाच्या नळावर ती आपटली की ठक् वाजायची. शंका आली की घरोघर जाऊन पाणी चाखायचं. टाक्या दोन होत्या. डोंगराकडच्या टाकीचं पाणी गोड, बाजारामागच्या टाकीला लोखंडाची चव. एका घोटात कळायचं, घर कुठल्या लाइनवर आहे ते.

कुणकेश्वराची जत्रा होऊन गेल्यावर आम्ही मासेमारांच्या वाड्यात पोचलो. त्यांची लाइन डोंगराकडच्या टाकीची, सगळ्यात शेवटची. नळावर मी ओंजळ भरून प्यायले आणि तो घोट थुंकला. पाणी खारट होतं.

नळासमोरच्या घरात मासे विकणारी एक बाई राहायची. माझ्याहून थोडी मोठी, तिला मी वयनी म्हणायला लागले होते. नवरा होडीवर, पाळण्यात वर्षाची मुलगी. वयनीने मला पेज वाढली. तिने पेजेत मीठ घातलेलं मी पाहिलं नव्हतं, तरी पेज बरोबर खारी होती. मी विचारलं.

"मीठ कित्याक घालू?" ती म्हणाली. "म्युन्सिपालटी पाण्यातसूनच धाडता. फुकट."

वाड्यातल्या कुठल्याच घरात पेजेला मीठ घालत नव्हते. तक्रार का केली नाही, असं मी जरा मोठ्याने विचारलं. तक्रार केली तर नळ बंद करतील, ही सगळ्यांची भीती होती. वाड्यातली विहीर मचूळ. वरच्या वाडीतल्या गोड विहिरीवर यांच्या बायकांनी कळशी टेकायची नसे; का, ते या किनाऱ्यावरच्या कोणाला सांगायला नको. नळ आला तेव्हा त्या पहिल्यांदा कोणाचं तोंड न बघता पाणी भरायला लागल्या होत्या. मी निघाले तेव्हा वयनी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाय, काय लिहिशीत ता लिही, पण आमचो नळ ठेव."

नळ घालण्याआधीच्या मंजूर आराखड्यात वाड्याची लाइन शेवटच्या चावीपासून सरळ गेली होती. मी त्या रेषेवर सळई घालत गेले. थोडं अंतर ठक् वाजलं, मग वाजायचं थांबलं. नुसता जांभा लागत होता. पाणी सोडणारा मागे उभा होता.

"लाइन सरळच गेली हा," तो म्हणाला. मी सळई त्याच्या हातात दिली आणि दाखव म्हटलं. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "हयसून राखणदार जाता. त्येच्या वाटेर कुदळ कोण मारतलो?"

राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देवचार. कांबळं पांघरून, काठी टेकत तो ठरल्या वाटेने फिरतो, असं गाव मानतं. त्या वाटेवर कोणी कुंपणसुद्धा घालत नाही. नळ घालताना खोदणारे गावचेच होते, हा पाणी सोडणाराही त्यांत होता. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला आणि वाट सोडून चर खालच्या अंगाला वळवला. ठेकेदाराने अडवलं नाही. जांभा फोडण्यापेक्षा चिखल उपसणं त्याला स्वस्त पडत होतं. देवाला भिणारे आणि पैसे वाचवणारे यांचं त्या वळणावर एकमत झालं होतं.

खालचं अंग म्हणजे खाजण. भरतीचं पाणी आत येऊन पसरतं ती सखल, काळ्या चिखलाची जमीन. वाड्यातले लोक पहाटे तिथेच परसाकडे जायचे, माशांची आतडी तिथेच टाकायचे. ओहोटीला मी एकटी उतरले. नळाची पाठ चिखलातून वर आली होती आणि एका सांध्याभोवती डबकं साचलं होतं. वाड्याचं पाणी सुटलेलं होतं, म्हणून डबक्यात बुडबुडे येत होते. मी तिथेच थांबले. पाणी बंद व्हायची वेळ झाली, बुडबुडे थांबले. मग डबकं हळूहळू खाली जायला लागलं. उन्हाने आटत नव्हतं ते. रिकामा झालेला नळ ते आत ओढून घेत होता. चिखलावर एक कुर्ली तिरकी तिरकी गेली आणि सांध्याच्या फटीशी थांबली. समुद्र आत जात होता म्हणजे तिथे पडलेलं सगळंच आत जात होतं. मीठ फक्त तेवढं सांगत होतं.

मी ट्रेसिंग कापडावर वळण काढलं, सांध्यापाशी खूण केली. नगरपालिकेच्या ओव्हरसियरनी ते पाहिलं आणि दाढीचं पातं माझ्यापुढे सरकवलं. शाई खरवडायची होती.

"मंजूर आराखड्यात लाइन सरळ आहे," ते म्हणाले. "नकाशा त्याच्याशी जुळला पाहिजे."

"जमिनीशी नको जुळायला?"

"जमीन मंजुरी देत नाही."

लाइन सरळ करा, पावसाच्या आधी करा, असं मी म्हणत राहिले. ते चिडलेही नाहीत. त्या वाटेवर गावचा माणूस खोदणार नाही, नळ बंद केला तर वाडा कचेरीवर येईल, आणि वळण दाखवलं तर बिल कोणी पास केलं ते निघेल. एवढं त्यांनी शांतपणे समजावलं. पातं मी उचललं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं काम नव्हतं. वळण दुसऱ्या कोणी खरवडलं आणि त्या जागी सुबक सरळ रेघ आली.

वडिलांनी आणि मी पत्रक छापलं. लाकडाच्या ठोकळ्यावर वळण कोरून नकाशासकट छापलं. बाजारात ते वाचून लोक म्हणाले, पोरगी देवचाराला नडतेय. वाड्यात वाचणारे थोडे. त्या पत्रकांत सुके बांगडे बांधून मिळाले. वयनीला मी स्वतः वाचून दाखवलं. तिने मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मगे ह्या काय पिऊचा?" पाणी उकळ, मी म्हटलं. तिने काही दिवस उकळलं.

मग आषाढ लागला. सगळीकडून आलेलं पाणी खाजणात साचलं, चिखल दिसेनासा झाला. मी वाड्यात गेले तेव्हा वयनी चुलीपाशी होती, लाकडं धुमसत होती. मला बघून हसली.

"गोडा झाला बघ पाणी. तुझ्या कागदाक भियाली म्युन्सिपालटी."

मी नळाचं पाणी चाखलं. खरंच गोड होतं. इतकी भीती मला त्या खारट घोटाचीही वाटली नव्हती. खाजणातला समुद्र पावसाने मागे रेटला होता; आता आत जात होतं ते वाड्यावरून वाहून आलेलं पाणी, आणि त्याला चव नव्हती. मी ते सांगितलं. उकळ, म्हटलं. तिने धुमसणाऱ्या लाकडांकडे हात केला. सुकं लाकूड कुठे होतं? मग तिने डब्यातून चिमूटभर मीठ काढून पेजेत टाकलं, ढवळलं आणि मुलीला भरवायला घेतलं. मुलगी भुकेली होती. भराभर खात होती.

आठवड्याभरात वाड्याच्या टोकाला एकाला उलट्या-जुलाब लागले. मग शेजारच्या घरात. आषाढ संपायच्या आत वयनीचा रिकामा पाळणा माळ्यावर गेला.

तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन साहेब आले. कणकवलीहून त्यांनी घाटावरचे मजूर आणले, कारण गावातलं कोणी येईना. साहेबांच्या हातात नकाशा होता. त्यातल्या सरळ रेघेवर त्यांनी खुणा मारल्या आणि मजुरांनी राखणदाराच्या वाटेवर कुदळ घातली. सगळा वाडा पावसात उभा राहून बघत होता, कोणाला काय होतं ते. कोणाला काहीच झालं नाही. मजूर जांभा फोडत खाली गेले, कमरेएवढे गेले. नळ नव्हता. साहेबांनी नकाशा उलटासुलटा धरून पाहिला आणि थोडं पुढे खोदायला सांगितलं. तिथेही नव्हता. दोन साहेबांमधला एक म्हणाला, लाइन बहुधा आणखी खोल असेल.

वयनी माझ्याजवळ आली. रडत नव्हती. चराकडे बघतच म्हणाली, "तुझो तो वाकडो नकाशो आसा मा? हाड तो."

कच्चा कागद मी घरी जपून ठेवला होता. मी तो आणायला धावत निघाले. वाटेत खाजण लागतं. भरती चढत होती, आणि ज्या सांध्याची खूण माझ्या कागदावर होती तिथे पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता; नळ पुन्हा आत ओढत होता.